झड लागली की वर्गात गोष्ट कशी सांगावी

आषाढ-श्रावणात झड लागली की आमच्या शाळेत निम्मीच मुलं येतात. पहिली ते चौथी एका खोलीत, वर पत्र्यावर पावसाचा तडतडाट. फळ्याजवळून बोललेलं मागे पोचत नाही. अशा दिवशी सतरंजी मधोमध ओढावी, मुलांना अगदी जवळ घ्यावं आणि आपणही खाली बसावं. खुर्चीवरून गोष्ट सांगूच नये.

पहिल्यांदा सांगणाऱ्यानं चिऊ-काऊचीच गोष्ट घ्यावी. ती फार लहान मुलांची वाटते, पण आपल्याच विदर्भातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रातही ती भेटते. शिवाय झडीत भिजलेलं शेण कसं वाहून जातं, हे खेड्यातल्या पोराला समजावावं लागत नाही.

गोष्ट पाठ करू नका. शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस, बंद दार, एवढे टप्पे लक्षात ठेवा. आणि घरी बोलता तशीच सांगा:

“चिऊताई, चिऊताई, दार उघड न वं!”

“थांब, माह्या लेकराले आंघोय घालतो.”

पुस्तकी मराठीत अवघडून बसणारी पहिलीतली मुलं ‘आंघोय’ ऐकलं की मान वर करतात. त्यांच्या घरातलं बोलणं शाळेत आलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोनदा दार वाजवून झालं की तिसऱ्यांदा गप्प राहा. जमिनीवर नुसतं टकटक करा आणि मुलांकडे बघा. दोन-तीन क्षण कुणीच बोलत नाही, तो वेळ लांब वाटतो. तरी आपण वाक्य पुरं करायचं नाही. मग कोपऱ्यातून एक बारीक आवाज येतो, “दार उघड न वं!” आणि पुढच्या वेळी अख्खी खोली ओरडते. इतकी वर्षं झाली, अजूनही त्या क्षणी माझ्या अंगावर काटा येतो.

इथून पुढे कामं वाटून द्यावीत. धाकट्यांनी दार वाजवायचं, तिसरी-चौथीनं चिमणीची कारणं शोधायची. काजळ-तीट संपली की त्यांची स्वतःची कारणं सुरू होतात. एकदा एकीची चिमणी म्हणाली, “थांब, लाइन गेली, दिवा लावतो.”

शेवट तुमच्या घरी ऐकला तोच सांगा. कुठे कावळा तापल्या तव्यावर बसून भाजतो, कुठे चिमणी त्याला आत घेते. तात्पर्य मात्र विचारू नका. त्याऐवजी सांगा, घरी जाऊन आजीला विचारा, तिच्या कावळ्याचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी चार-पाच वेगळे कावळे वर्गात येतात. ज्या आजीचा शेवट मुलांना आवडला, तिलाच बोलावणं धाडावं. झडीत निंदण बंद असतं, त्यामुळे ती घरीच सापडते. “मले का येते सांगता?” असं म्हणेल. तिला भाषण करायला लावू नका, तिच्या नातवाला “चिऊताई, चिऊताई” एवढंच म्हणायला सांगा. पुढचं तिच्या तोंडून आपसूक निघतं, आणि सतरंजीवरची मुलं सरकून तिला जागा करून देतात.