प्रभाग रचनेचा नकाशा आला की काय बघायचं आणि हरकत कशी घ्यायची

महापालिकेची प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली की बहुतेक लोक पेपरातली बातमी वाचतात आणि सोडून देतात, पण मतदानाच्या कितीतरी आधी अर्धी लढाई इथेच ठरते. हरकती-सूचनांना मोजके दिवस असतात, आणि एकदा रचना अंतिम झाली की कोर्टातही फारसं काही हाती लागत नाही, घटनेच्या कलम २४३ झेडजीने ते दार जवळपास बंदच केलंय. जे करायचं ते त्याच दिवसांत.

आधी नकाशा मिळवा. वेबसाइटवरची पीडीएफ नीट दिसत नसेल तर वॉर्ड ऑफिसला जाऊन बघा, फोटो काढा. सोबत प्रभागाची व्याप्ती, चारी बाजूच्या हद्दी आणि लोकसंख्या दिलेली असते, तो कागद नकाशाइतकाच महत्त्वाचा.

मग आकडा तपासा. शहराची २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या भागिले एकूण नगरसेवक, आणि चारचा प्रभाग (म्हणजे एका प्रभागातून चार नगरसेवक) असेल तर गुणिले चार. मुंबईत एका वॉर्डाला एकच नगरसेवक, तिथे १,२४,४२,३७३ ला २२७ ने भागलं की साधारण ५४,८०० येतात. दहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ४९,३०० ते ६०,३००. नियमात राहूनसुद्धा दोन वॉर्डांत अकरा हजार माणसांचा फरक असू शकतो, आणि २०११ नंतर जिथे टॉवर उभे राहिले तिथली माणसं तर या हिशोबात नाहीतच.

पण खरी गोम रेषेत असते. समजा एका वस्तीत १२ हजार मतं आहेत, ती तीन प्रभागांत चार-चार हजार करून फोडली की तिचा कुठेच जोर राहत नाही. किंवा उलटं, शेजारच्या दोन प्रभागांत आपापला माणूस निवडून आणू शकणाऱ्या दोन वस्त्या एकाच प्रभागात कोंबल्या की एक जागा प्रचंड मतांनी येते आणि दुसरी हातची जाते. अमेरिकेत १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या अशाच आखणीवरून जेरीमँडरिंग हा शब्द आला. आपल्याकडे प्रभाग किती जणांचा यानेही फरक पडतो, पुण्यात २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा, २०२२ साठी तीनचा आखला तो बारगळला आणि परत चारचा. प्रभाग जेवढा मोठा तेवढं पक्षाचं पॅनल जोरात, एकट्या अपक्षाला एवढी घरं फिरणंच परवडत नाही.

तरी वाकडी रेषा दिसली की लगेच डाव समजू नका. हद्द नाला, नदी, रेल्वे लाइन, मोठा रस्ता यांच्यावरून जावी असंच अपेक्षित असतं. रेषा नाला सोडून मध्येच एखाद्या सोसायटीत शिरली, तर मात्र थांबून बघा.

आमच्याकडे तेच झालं होतं, ए आणि बी विंग एका प्रभागात, सी विंग दुसऱ्यात, गेट एकच. पहिल्यांदा आम्ही शंभर सह्या घेऊन "आमच्यावर अन्याय झाला" असा अर्ज दिला, सुनावणीत दोन मिनिटं मिळाली आणि विषय संपला. आता मी सगळ्यांना सांगतो, अर्जात भावना कमी आणि प्रगणक गटाचे (जनगणनेसाठी पाडलेल्या घरांच्या छोट्या गटाचे) नंबर जास्त लिहा. जनगणनेचा गट फुटलाय का, अनुसूचित जातींची वस्ती विभागली गेलीय का, हद्द नैसर्गिक खुणेवरून का नाही, हे मुद्दे एकेक करून मांडा. आणि पर्याय द्या, अमुक गट इकडे घेतला, तमुक तिकडे दिला, तरी दोन्ही प्रभाग दहा टक्क्यांत बसतात हे बेरीज करून दाखवा, कारण नुसतं "आमचा भाग तिकडे टाका" म्हटलं तर शेजारचा आकडा बिघडतो आणि अर्ज तिथेच पडतो. अर्जाची पोच घ्या, सुनावणीला स्वतः जा, मार्कर लावलेला नकाशा सोबत न्या.

रचना अंतिम झाल्यावर प्रभागाची मतदार यादी येते, तेव्हा हद्दीवरच्या बिल्डिंगांची नावं हमखास पलीकडच्या प्रभागात जातात, त्यावर वेगळी हरकत घेता येते, तेव्हा आपलं आणि शेजाऱ्यांचं नाव त्याच आठवड्यात बघून घ्या.