पोरगं वर्गात कंटाळतंय? क्लास लावायच्या आधी हे करून बघा

आमचा मुलगा दुसरीत होता तेव्हा शाळेतनं दर आठवड्याला वहीत लाल पेनानं शेरा यायचा, लिखाण अपूर्ण, वर्गात लक्ष नाही, शेजारच्याशी बोलतो. मी रोज संध्याकाळी त्याला बसवून ते अपूर्ण लिखाण पूर्ण करून घ्यायचे, तो रडायचा, मी ओरडायचे, आणि आज्जी मधे पडायची. मग दिवाळीच्या सुट्टीत माझे वडील त्याला त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यात घेऊन गेले, चादरी विणायचा जुना जकार्डचा माग बघायला, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरनं नक्षी विणणारा माग. अर्ध्या तासात येतो म्हणून गेलेले दोघं दुपारी दोनला आले. पोरगं कानात खडखडाट घेऊन आलं आणि चप्पल काढायच्या आधी मला म्हणालं, आई, भोक असलं की धागा वर जातो, भोक नसलं की खालीच राहतो, म्हणजे ते कार्ड मागाला फक्त हो आणि नाही एवढंच सांगतंय ना?

त्या दिवशी कळलं की याचं लक्ष नाही असं नाहीय, ह्याला लक्ष द्यावं असं वर्गात काही मिळतच नाहीय. त्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली, तेव्हापासून जे करत आले, चुकत आले, शिकत आले ते लिहितेय, सोलापुरातल्या किंवा कुठल्याही गावातल्या आईबाबांना उपयोगी पडेल म्हणून.

पहिलं म्हणजे पोरगं अतिहुशार आहे हे ओळखायचं कसं. पहिला नंबर येतो म्हणजे अतिहुशार असं समजू नका, आणि नंबर येत नाही म्हणजे नाहीच असंही समजू नका. पाठ करून नीट लिहिणारं पोरगं वेगळं आणि हे वेगळं. ही पोरं प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळालं की थांबत नाहीत, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न काढतात. एखादा विषय धरला की दोन दोन महिने तोच, डायनासोर तर डायनासोर, रेल्वेचं टाइमटेबल तर टाइमटेबल. मोठ्या माणसांत जाऊन बसतात. अन्याय झालेला अजिबात सहन होत नाही, स्वतःवर नाही आणि दुसऱ्यावरही नाही. शर्टाचं लेबल टोचतं, मिक्सरचा आवाज सहन होत नाही, असंही बऱ्याच जणांचं असतं. एकच खूण बघून ठरवू नका, वर्षभर बघा.

आणि मुली. मुलगी हुशार असली तर बऱ्याचदा ती ते लपवते, चौथी पाचवीनंतर तर फारच, कारण मैत्रिणींत वेगळं पडायचं नसतं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी विड्या वळतात, त्यांची सातवीतली लेक हजार विड्यांमागं किती मजुरी, पानं कमी पडली म्हणून किती कापले, ह्या आठवड्यात किती हातात येणार, सगळं तोंडी सांगते, आणि शाळेत तिला गणितात ठीकठाक म्हणतात. अशा पोरी आपल्या गावात घराघरात आहेत, त्यांच्याकडं बघा म्हणून मी सगळ्यांना सांगत असते.

आता आयक्यू टेस्ट, म्हणजे बुद्धी मोजायची कसोटी. करायची का नाही हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. माझं म्हणणं, काही अडत असेल तरच करा, म्हणजे शाळेशी बोलायला कागद हवाय, किंवा पोरगं बोलण्यात पुढं आणि लिहिण्या वाचण्यात फार मागं आहे, तर नक्की करा. हुशारी आणि डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या लिहिण्यातली अडचण, एकाच पोरात असू शकतं, एकामुळं दुसरं झाकलं जातं आणि सगळे म्हणतात आळशी आहे. त्याच्याही आधी डोळे आणि कान तपासून घ्या, हे खर्चाचंही नाही. टेस्ट ट्रेनिंग घेतलेल्या मानसशास्त्रज्ञाकडूनच करा, मोबाईलवरच्या फुकट टेस्टला काही अर्थ नाही. आकडा कसा वाचायचा तर सरासरी 100 धरलेली असते आणि 130 च्या वर साधारण शंभरात दोन पोरं असतात. आपल्याकडं बिने-कामत नावाची कसोटी आहे, ती व्ही. व्ही. कामतांनी परदेशी कसोटीवरनं मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवलेली. सोलापुरात हे महत्त्वाचं आहे बरं का, कारण आपल्याकडं घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आज्जीची कन्नड आणि शाळा इंग्लिश मीडियम अशी पोरं ढिगानं आहेत. पोरगं ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत टेस्ट नाही झाली तर शब्दांच्या प्रश्नात मार्क जातात आणि आकडा खाली येतो. त्यामुळं जायच्या आधीच विचारा, टेस्ट कुठल्या भाषेत घेणार.

आणि त्या आकड्याला चिकटून बसू नका. अमेरिकेत 1921 साली लुईस टर्मन नावाच्या प्राध्यापकानं टेस्ट घेऊन दीड हजाराच्या आसपास अतिहुशार मुलं निवडली आणि पुढं कित्येक वर्षं त्यांचा अभ्यास केला. त्यावेळी टेस्ट देऊन जी मुलं निवडीत बसली नाहीत त्यातल्या दोघांना, विल्यम शॉकली आणि लुइस अल्व्हारेझ, पुढं फिजिक्सचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी कुणालाच नाही मिळालं. आकडा पोराला सांगू नका, नातेवाईकांना तर मुळीच नाही, एका लग्नात सांगितला की पुढच्या दहा लग्नांत पोराला उभं करून पाढे म्हणायला लावतात. आमच्याकडं हे झालंय आणि तो नंतर दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि ह्यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. ह्या पोरांचं डोकं, हात आणि मन एका वयाचं नसतं. आमचा सात वर्षांचा असताना प्रश्न दहा अकरा वर्षांच्या मुलासारखे विचारायचा, हात सात वर्षांचेच होते आणि रागावला की थेट चार वर्षांचा. त्या मागाच्या भेटीनंतर त्यानं बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून स्वतःचं जकार्ड कार्ड करायला घेतलं. डोक्यात डिझाईन पूर्ण तयार, मोर. आठ उभ्या रांगा आखल्या, पंचिंग मशीननं भोकं पाडायला लागला, तिसऱ्या ओळीत भोक एक घर सरकलं आणि त्यानं सगळा पुठ्ठा फाडून टाकला, डोकं भिंतीवर आपटून घ्यायला लागला. एवढा हुशार आणि एवढं कळत नाही का, असं मी त्यावेळी म्हणाले. ते वाक्य कधीच म्हणू नका. त्याला डोळ्यापुढं मोर दिसत होता आणि हाताला तो जमत नव्हता, राग त्या गोष्टीचा होता.

मग काय करायचं, तर त्या क्षणी समजावत बसू नका, पाणी द्या, शेजारी बसा, गप्प बसा. शांत झाल्यावर काम लहान करा. आम्ही दुसऱ्या दिवशी आलेखाचा कागद आणला, मोर बाजूला ठेवला, आठ बाय आठ घरांत नुसता बदाम काढला, भरलेलं घर म्हणजे भोक. चुकलं की खोडता येतं. चार दिवसांत तीन डिझाईन झाल्या आणि मग पुठ्ठ्यावर गेलो. आजोबांनी एवढंच सांगितलं की कारखान्यातसुद्धा आधी डिझाईन चौकटीच्या कागदावर काढतात आणि मगच कार्ड पंच करतात. त्याला एकदम बरं वाटलं, मोठी माणसंसुद्धा आधी कागदावर करतात म्हणून. तिथनं गाडी पुढं गेली, ही भोकांची कल्पना फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास जोसेफ जकार्डनं मागाला लावली, मग इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं हिशेबाच्या यंत्रासाठी उचलली, आणि पुढं कॉम्प्युटरला कितीतरी वर्षं कार्डावरच्या भोकांनीच माहिती द्यायचे. बायनरी संख्या, म्हणजे नुसत्या शून्य आणि एकनं लिहायच्या, त्याला कुणी शिकवली नाही, पुठ्ठ्यातनं आली.

यातनं मी धडा घेतला तो असा की अशा पोराला पुढच्या इयत्तेचं पुस्तक आणून द्यायची घाई करू नका. पुढचं पुस्तक संपवलं की पुढच्या वर्षी वर्गात दुप्पट कंटाळा येतो. त्याऐवजी आहे तेच खोल न्या. वजाबाकी येते ना, मग चार आकडी वजाबाकीत कापरेकरांचा खेळ द्या. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, त्यांनी शोधलेला 6174. कुठलेही चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत, समजा 3524. मोठ्याकडून लहान लावले 5432, उलटे 2345, वजा केले 3087. परत तेच, 8730 वजा 0378 म्हणजे 8352. परत, 8532 वजा 2358 म्हणजे 6174, आणि इथनं पुढं कितीही वेळा करा 6174 च येतं. जास्तीत जास्त सात वेळात येतंच. पोरगं वहीची वही भरवतंय, वजाबाकीचा सराव आपोआप होतोय. मग विचारा, तीन आकड्यांत काय होतंय बघ. उत्तर तुम्ही सांगू नका.

शाळेशी बोलताना एक चूक मी केली ती तुम्ही करू नका, माझं मूल फार हुशार आहे असं म्हणत जाऊ नका. टीचरपुढं पन्नास साठ पोरं असतात, त्यांना दर पालक हेच सांगतो. काहीतरी हातात घेऊन जा, त्याचे प्रश्न, त्यानं केलेली वस्तू, आणि मागणी छोटी करा. मी शेवटी एवढंच मागितलं की मॅडम, गणिताच्या वीस उदाहरणांतली सगळ्यात अवघड पाच त्याला आधी द्या, पाचही बरोबर आली तर उरलेली पंधरा माफ, आणि त्या वेळात तो त्याचं पुस्तक वाचेल, कुणाला त्रास देणार नाही. पहिल्या शाळेत ह्यालाही नाही म्हणाले, एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल. पुढच्या वर्षीच्या मॅडमनी लगेच हो म्हटलं आणि खरंच सगळ्यांना दिलं, ज्याला जमेल त्यानं करायचं, आणि वर्गात आणखी दोघं अशी निघाली की ज्यांच्याबद्दल कुणाला कल्पना नव्हती. मुख्याध्यापकांशी बोलायची वेळ आली तर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं नाव काढा, त्यात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना शिक्षकांनी पूरक साहित्य द्यावं, विषयवार मंडळं चालवावीत असं लिहिलेलं आहे.

कौतुकाचं बघा. 1998 साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले, कोडी सोडवल्यावर काहींना म्हणाले तू हुशार आहेस, काहींना म्हणाले तू मेहनत घेतलीस. हुशार म्हटलेल्या मुलांनी पुढं सोपी कोडी मागितली, आणि अवघड कोड्यात हरल्यावर त्यांचा उत्साहही जास्त गेला. घरात आम्ही आता नुसतं विचारतो, हे कसं केलंस सांग की. तो दहा मिनिटं सांगतो, तेवढं कौतुक पुरतं. आणि त्याला ज्यात गती नाही असं एक तरी काम लावा. आमच्या घरी तबला आहे, तिथं तो वर्गात सगळ्यात मागं आहे, दोन वर्षं एकाच कायद्यावर, म्हणजे बोलांच्या एकाच रचनेवर अडखळलाय, आणि अडखळायची सवय लागलीय ही फार मोठी गोष्ट आहे.

परीक्षांचं थोडक्यात. शिष्यवृत्ती परीक्षा द्यायला हरकत नाही, सवय होते. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला असते, त्यात लेखीनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पसुद्धा असतो म्हणून ती मला आवडते. एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असते, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी, नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. मावशींच्या लेकीचा फॉर्म पुढच्या वर्षी मी स्वतः भरणार आहे. नवोदय ही केंद्र सरकारची निवासी शाळा आपल्या सोलापूर जिल्ह्यात पोखरापूरला आहे, पाचवीत परीक्षा, सहावीपासून तिथंच राहायचं, खेड्यातल्या मुलांना कमीत कमी 75 टक्के जागा. पोराला घर सोडून राहायला जमेल का हे त्यालाच विचारा. पुण्यात आप्पा पेंडशांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती मुळात बुद्धिमान मुलांच्याच शिक्षणासाठी, त्यांचं काम सोलापुरातही आहे, एकदा जाऊन बोलून या. मात्र एका वर्षात दोनपेक्षा जास्त परीक्षा नकोत, मी एकदा चार लावल्या होत्या आणि त्या वर्षी पोरानं एकही प्रश्न विचारला नाही.

पैसे फार लागत नाहीत. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी लायब्ररी लावा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या, मोठ्यांचं निवडलं तरी. केगावचं विज्ञान केंद्र सगळं एका दिवसात दाखवायचा हट्ट नको, एका वस्तूपाशी तासभर उभा राहिला तर राहू द्या. नान्नजच्या माळावर सकाळी लवकर जा, माळढोक पक्षी दिसणं नशिबाचं काम आहे पण काळवीट दिसतात. गड्ड्याच्या यात्रेत पाळणा वरनं खाली येताना पोटात खड्डा का पडतो ह्यावर आमच्याकडं तीन आठवडे चर्चा चालली होती. आणि आपल्याला उत्तर येत नसेल तर नाही येत म्हणा, गप्प बस मात्र म्हणू नका. आम्ही फ्रिजवर एक वही दोऱ्यानं टांगलीय, रात्री झोपताना आलेले प्रश्न त्यात लिहायचे आणि रविवारी एक उघडायचा, त्यामुळं रात्री अकराला चालणारी चौकशीही थांबली.

मित्र हा विषय मला अजून पूर्ण सुटलेला नाही. त्याच्या वयाची पोरं क्रिकेट म्हणतात, हा नियमांवर वाद घालतो. सध्या बुद्धिबळाला त्याच्यापेक्षा मोठी पोरं येतात तिथं तो रमतो, आणि गल्लीत संध्याकाळी अर्धा तास खाली जायचंच असा नियम आहे, खेळ किंवा नुसता कट्ट्यावर बस. गेल्या महिन्यात शेजारच्या पोरानं त्याला गोट्या शिकवल्या, आल्या आल्या हात धुवायच्या आधी वहीत लिहिलंय, गोटी कडेला लागली तर तिरकी का जाते, उद्या परत मारून बघायचं.