ओट्यापासून सुरुवात करा: पुण्यातल्या घरात कचरा कमी कसा करावा

रोज सकाळी दाराशी हाक येते, आपण बादली पुढे करतो आणि दार लावून घेतो. एकदा दार न लावता पाच मिनिटं थांबा. कचरा घेणाऱ्या ताई खाली गाडीपाशी बसून तुमच्या बादलीत हात घालतात आणि कागद, पुठ्ठा, बाटल्या वेगळ्या काढतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून तिने घरोघरचा कचरा उचलायला घेतला. सुका माल विकून आलेले पैसे या बायकांच्या कमाईचा मोठा भाग असतो. रद्दीवर आपण चहाचा चोथा ओतला की ती रद्दी कवडीमोलाची होते. म्हणून सगळ्यात आधी हे पाळा: ओल्याचा सुक्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही.

पहिलं काम: तीन डबे

कायद्यानेही हेच सांगितलं आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं होतं. ओल्याचा डबा ओट्याखाली ठेवा, पण त्यात प्लॅस्टिकची पिशवी लावू नका. सुक्यासाठी गॅलरीत एक गोणी पुरते, ती आठ-आठ दिवस भरत नाही. बॅटऱ्या, सीएफएल दिवे, मुदत संपलेली औषधं आणि रंगाचे डबे यांसाठी एक खोकं माळ्यावर ठेवा. सीएफएलमध्ये पारा असतो, त्यामुळे तो फुटू देऊ नका.

दुधाची पिशवी

रोज घरात येणारी ही एक वस्तू नीट हाताळलीत तर बाकीचं आपोआप जमतं. पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, थोडा जोडलेला राहू द्या. सुटा तुकडा कोणी वेचत नाही, तो गटारात जातो. दूध ओतलं की पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून खळखळवा आणि ते पाणी कुंडीत टाका. मग पिशवी उलटी करून टाइल्सवर चिकटवून ठेवा, संध्याकाळपर्यंत ती कोरडी होते. अशा स्वच्छ पिशव्या भंगारवाला आनंदाने घेतो. न धुतलेल्या पिशवीला दुसऱ्या दिवशी जो वास सुटतो, त्या वासात आपल्या ताईंना हात घालावा लागतो.

तेलकट पिझ्झाच्या खोक्याचा तळ पुनर्वापराला चालत नाही, झाकण मात्र चालतं. ते फाडून पुठ्ठ्यात टाका. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना भंगारात भाव नाही, म्हणून ती घरी आणणंच कमी करा.

ओल्याचं खत

घरच्या कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा भाग ओल्याचा असतो. तो घरातच जिरला की शहरावरचा मोठा भार कमी होतो. पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं त्या कचऱ्याचा वास सोसला, त्यांच्या विहिरींचं पाणी खराब झालं. त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा मला त्यात काहीच चूक वाटली नाही.

जुन्या बादलीला बुडाशी आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाला नारळाच्या शेंड्या आणि वाळलेली पानं बोटभर पसरा. वर रोजची सालं आणि भाजीची देठं बारीक चिरून घाला आणि दर वेळी मूठभर कोरडा पाला टाकून झाका. सुरुवातीला थोडं आंबट ताक शिंपडा. दोन-तीन दिवसांनी काठीने खालवर करा. मिश्रण मुठीत दाबल्यावर मूठ ओलसर व्हावी, पण पाणी ठिबकता कामा नये. वास आलाच तर पाणी जास्त झालंय असं समजा, पाला वाढवा आणि दोन दिवस नवीन काही घालू नका. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्याही कचराच खातात. दीड-दोन महिन्यांत काळसर, पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारं खत तयार होतं. करवंट्या आणि हाडं यात घालू नका. देवाचं निर्माल्य मात्र जरूर घाला, फक्त दोरा काढून.

घरात येतानाच थांबवा

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी भाजीवाल्याकडे त्या मिळतातच. जुन्या साडीच्या चार पिशव्या शिवून घ्या आणि एक कायम गाडीच्या डिकीत ठेवा. मासळी-मटणाला घरून स्टीलचा डबा न्या, दुकानदार त्यातच तोलून देतो.

शेवटी, दुखापत करणाऱ्या वस्तू

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून ग्लास फुटला आणि घाईत मी तुकडे तसेच सुक्या गोणीत टाकले. दुसऱ्या दिवशी ताईंच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. त्यांनी तक्रार केली नाही, मीच विचारल्यावर सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरीने बांधून, वर स्केचपेनने 'काच' लिहून जाते आणि ती मी त्यांच्या हातात वेगळी देते. सॅनिटरी पॅड आणि डायपरही कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्या, म्हणजे ते पुडकं त्यांना उघडून बघावं लागत नाही.