खाते उघडण्याआधी निघण्याची वाट शोधून ठेवा: विकेंद्रित समाजमाध्यम पारखण्याची रीत

मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, नॉस्टर अशा जाळ्यांबद्दल बोलताना ‘विकेंद्रित’, म्हणजे एकाच मालकाच्या हाती नसलेले, हा शब्द इतक्या सढळपणे वापरला जातो की नेमके काय विकेंद्रित झाले आहे, हे विचारायचे राहूनच जाते. सर्व्हर शेकडो लोकांचे असले तरी वापरकर्त्यांच्या ओळखीची नोंदवही एकाच कंपनीकडे असू शकते, आणि प्रोटोकॉल (सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) खुला असला तरी तो लिहिणाऱ्यांचे पगार एखाद्या गुंतवणूकदाराच्या पैशातून होत असू शकतात. त्यामुळे अशा ठिकाणी बस्तान बसवण्यापूर्वी तेथून बाहेर कसे पडता येईल हे आधी पाहावे, आणि शक्य तेवढे स्वतः करून पाहावे. एक संध्याकाळ त्यासाठी पुरते.

सुरुवात पैशापासून करावी. व्हेंचर कॅपिटलचा, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या गुंतवणूकदारांचा, फंड साधारणपणे दहा वर्षांच्या मुदतीचा असतो आणि त्या मुदतीत कंपनी विकली जाणे किंवा तिचे शेअर बाजारात येणे, यांतूनच गुंतवणूकदाराला परतावा मिळतो. यात गैर काही नाही. मात्र अशा पैशावर चालणारी सेवा आज जाहिरातीविना, शुल्काविना चालत असेल, तर तो खर्च उद्या कोठून तरी वसूल व्हायचा आहे, हे गृहीत धरावे. ब्लूस्कायचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये ट्विटरच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या प्रकल्पाची पुढे स्वतंत्र कंपनी झाली. तिने २०२३ मध्ये ८० लाख डॉलर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्लॉकचेन कॅपिटल या फंडाच्या पुढाकाराने आणखी दीड कोटी डॉलर उभे केले. कंपनीची नोंदणी सार्वजनिक हिताला बांधलेल्या प्रकारात झालेली आहे, म्हणजे नफ्याबरोबर लोकहिताचाही विचार करणे संचालकांवर बंधनकारक आहे. पण मालकी भागधारकांचीच राहते, हे विसरू नये.

याउलट मॅस्टोडॉनचे जनक ओयगेन रोख्को यांनी गुंतवणूकदारांचे प्रस्ताव नाकारले आणि प्रकल्प मुख्यतः देणग्यांवर चालवला. एवढ्यावरून देणगीवर चालणारे ते टिकाऊ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो; तो टाळावा. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलासारख्या ना-नफा परंपरेच्या संस्थेने चालवलेला मॅस्टोडॉन सर्व्हरही डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. म्हणून पैसा चांगला की वाईट यापेक्षा, पैसा आटला किंवा मालक बदलला तर आपल्या हातात काय उरेल, हा प्रश्न विचारावा.

त्याचे अर्धे उत्तर खुल्या मानकांत सापडते. अ‍ॅक्टिव्हिटीपब हे मानक जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेची अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाले. मॅस्टोडॉनखेरीज छायाचित्रांसाठीचे पिक्सेलफेड, चित्रफितींसाठीचे पीअरट्यूब आणि चर्चांसाठीचे लेमी हे सारे तीच भाषा बोलतात. याची खातरजमा सोपी आहे: मॅस्टोडॉनच्या शोधपट्टीत पीअरट्यूबवरील एखाद्या वाहिनीचा पूर्ण पत्ता टाकून तिचे अनुसरण करून पाहावे. परक्या सॉफ्टवेअरमधली चित्रफीत आपल्या प्रवाहात येऊन बसली, तर मानक खरोखर चालते आहे. मानक कागदावर असणे पुरेसे नसते. गुगल टॉक ही संदेशसेवा २००५ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर सुरू झाली आणि पुढे इतरांच्या सर्व्हरशीही जोडली गेली. २०१३ नंतर गुगल हँगआउट्स या आपल्या दुसऱ्या संदेशसेवेकडे वळले आणि ही जोडणी मागे पडली. प्रोटोकॉल जिवंत राहिला, पण बाहेरच्या सर्व्हरवरील लोकांसाठी पलीकडची मंडळी नाहीशी झाली. म्हणून जाळ्यातला सर्वांत मोठा सदस्य उद्या निघून गेला तर मागे बोलायला कोण उरेल, याचा अंदाज घ्यावा. मेटाच्या थ्रेड्सने २०२४ पासून अ‍ॅक्टिव्हिटीपबशी जोडून घेतले आहे, तेव्हा हा प्रश्न आता केवळ इतिहासापुरता नाही.

खासगीपणाच्या बाबतीत मात्र सर्वाधिक गैरसमज आढळतात, आणि ते बहुधा ‘कंपनी नाही म्हणजे पाळत नाही’ या भाबड्या समजुतीतून येतात. मॅस्टोडॉनवरील ‘खासगी उल्लेख’ म्हणजे टपालातले बंद पाकीट नव्हे. ती एक साधी पोस्टच असते, फक्त तिची दृश्यता उल्लेख केलेल्या व्यक्तींपुरती ठेवलेली असते; ती टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध (फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येईल अशी) नसते आणि दोन्हीकडच्या सर्व्हरचे प्रशासक तांत्रिकदृष्ट्या ती वाचू शकतात. त्याहून फसवी गोष्ट अशी की मैत्रिणीशी बोलताना तिसऱ्या कुणाची तक्रार करायची म्हणून त्या व्यक्तीचे नाव @ चिन्हासह लिहिले, तर तो संदेश त्या व्यक्तीलाही पोहोचतो. पाठवण्यापूर्वी @ ची खूण शोधून काढून टाकण्याची सवय लावून घ्यावी. ब्लूस्कायवरील थेट संदेश खुल्या प्रोटोकॉलचा भाग नसून कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. शिवाय तेथे कोणाला अवरोधित केले आणि कशाला पसंती दिली, याही नोंदी सार्वजनिक असतात.

प्रशासकावर विश्वास असला तरी त्याच्या संगणकावर काय प्रसंग येईल, हे त्याच्या हाती नसते. मे २०२३ मध्ये अमेरिकेत एफबीआयने एका मॅस्टोडॉन सर्व्हरच्या प्रशासकाच्या घरी वेगळ्याच प्रकरणात छापा घातला आणि जप्त केलेल्या सामानात त्या सर्व्हरच्या डेटाबेसची कूटबद्ध न केलेली प्रतही गेली.

पोस्ट पुसण्याचेही तसेच आहे. पोस्ट काढून टाकली की आपला सर्व्हर इतरांना तशी सूचना धाडतो, पण ती पाळणे शेवटी त्यांच्या हाती असते, आणि त्या वेळी बंद असलेल्या सर्व्हरपर्यंत ती पोहोचेलच असे नाही. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यातील कलम १७ माहिती पुसून घेण्याचा अधिकार देते, परंतु प्रती शेकडो ठिकाणी विखुरल्यावर प्रत्येकाच्या मागे लागणे कोणाला जमणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लूस्कायवरील दहा लाख सार्वजनिक पोस्टचा संच यंत्रशिक्षणाच्या संशोधनासाठी हगिंग फेस या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहित्याच्या संकेतस्थळावर ठेवला गेला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला गेला. तो जमवण्यासाठी कोणतेही कुलूप तोडावे लागले नव्हते. म्हणून सार्वजनिक पोस्ट लिहिताना ती छापून वाटली आहे असे समजूनच लिहावे, आणि खरोखर खासगी बोलण्यासाठी सिग्नलसारखे कूटबद्ध साधन वापरावे.

आता निघण्याची रंगीत तालीम. मॅस्टोडॉनवर ‘आयात व निर्यात’ या भागात जाऊन आपल्या संग्रहाची मागणी करावी. काही वेळाने उतरवता येणारी संकुचित फाइल उघडली की ‘आउटबॉक्स’ नावाच्या फाइलीत आपल्या पोस्ट आणि वेगळ्या फोल्डरमध्ये चित्रे दिसतात. अनुसरण आणि अवरोध यांच्या याद्या स्वतंत्रपणे उतरवाव्यात, कारण नव्या सर्व्हरवर त्या परत चढवता येतात. पोस्ट मात्र चढवता येत नाहीत. अनुयायी सोबत न्यायचे असतील तर आधी नव्या खात्यावर जुन्या खात्याचा पत्ता उपनाम म्हणून नोंदवावा लागतो आणि मग जुन्या खात्यावरून स्थलांतर सुरू करावे लागते. यासाठी जुना सर्व्हर चालू असावा लागतो. तो एका रात्रीत बंद पडला तर अनुयायी गेलेच म्हणायचे. त्यामुळे सर्व्हर निवडताना बंद करण्यापूर्वी किमान तीन महिन्यांची सूचना देण्याचे वचन त्याने दिले आहे का, हे पाहावे. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी ती अटच आहे.

ब्लूस्कायच्या एटी प्रोटोकॉलमध्ये ओळख सर्व्हरपासून वेगळी ठेवलेली असल्याने पोस्ट आणि अनुयायी दोन्ही सोबत नेता येतात, ही त्याची खरी जमेची बाजू. पण त्या ओळखीवर ताबा ठेवणाऱ्या किल्ल्या (गुप्त सांकेतिक अक्षरमाला) सुरुवातीला खाते ठेवणाऱ्या यजमान सर्व्हरकडेच असतात. यजमान सहकार्य करीत असतानाच स्वतःची पुनर्प्राप्ती किल्ली जोडून घ्यावी आणि ती फोनबाहेर, शक्यतो दोन ठिकाणी ठेवावी. स्वतःचे डोमेन असेल तर त्याच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदवहीत) टीएक्सटी प्रकारची एक मजकूर-नोंद घालून तेच नाव खात्याला द्यावे. नॉस्टरवर किल्लीच ओळख असते आणि ती हरवली तर परत मिळवून देणारे कोणीच नसते, तेव्हा तेथे पहिली पोस्ट लिहिण्याआधी किल्लीची प्रत काढावी. मॅस्टोडॉनचा संग्रह सात दिवसांतून एकदाच मागता येतो, म्हणून सर्व्हर बंद होण्याची घोषणा होईपर्यंत न थांबता तीन-चार महिन्यांतून एकदा तो उतरवून ठेवावा.