जमीन ताब्यात आली, आता ती राखायची कशी?

निसर्ग जपण्यासाठी घेतलेली जमीन संस्थेच्या नावावर झाली की सगळे हुश्श करतात. माझं, म्हणजे ती राखण्याचं, काम तिथून सुरू होतं. पहिल्याच वर्षी पक्की मूळ नोंद करा: हद्दीचे दगड, पाणवठे, पायवाटा, झाडोरा. फोटोसाठी जागा ठरवून खुणा रोवा आणि दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच दिशेला, त्याच ऋतूत फोटो काढा. पुढे हद्दीचा वाद निघाला तर हेच कामी येतं.

वर्षातून एकदा तरी पूर्ण हद्द पायी फिरा. शेजाऱ्यांशी बोलणं ठेवा. वणवा किंवा तोड आधी त्यांनाच कळते.

घाणेरी (टणटणी, बाहेरून येऊन रान व्यापणारं झुडूप) काढताना नुसती छाटू नका, ती आणखी जोमाने फुटते. जमिनीखाली दोन इंचांवर मूळ तोडा आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवा. तिच्या बिया पक्षी पसरवतात, म्हणून मोठ्या झाडांखाली पावसानंतर रोपं शोधून उपटा. हे सलग काही वर्षं, न कंटाळता.

पैशांचं मात्र आधीच बघा. कायम निधीतून, म्हणजे मुद्दल न मोडता गुंतवून ठेवलेल्या रकमेतून, वर्षाला 4 टक्केच काढायचे असतील, तर वार्षिक खर्चाच्या 25 पट रक्कम लागते. त्या खर्चात राखणदाराचा पगार धरा. कोर्टकचेरीसाठी वेगळी तजवीज करा.