टीव्ही किंवा मॉनिटर बदलण्याआधी जोडणी तपासा : एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि यूएसबी-सी वापरताना या चुका टाळा

गेल्या लग्नसराईत सेलूच्या एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. अल्बमची पाने गिऱ्हाइकाला मोठ्या पडद्यावर दाखवावीत, हा हेतू होता. टीव्ही लॅपटॉपला जोडला, चित्रही आले, पण माऊस सरळ चालेना. "माऊस अडकायलाय सर, टीव्हीच खराब निघाला दिसतंय," असे त्यांनी फोनवर सांगितले आणि टीव्ही परत करण्याची तयारीही केली. परभणीहून मी गेलो तेव्हा आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडले. तिथे रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ दिसत होता, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलत होते. टीव्ही चांगला होता आणि लॅपटॉपही. मध्ये लावलेल्या यूएसबी-सी डोंगलच्या, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टाला एचडीएमआय केबल जोडून देणाऱ्या छोट्या कन्व्हर्टरच्या खोक्यावर मात्र 'फोर-के' मोठ्या अक्षरांत आणि '३० हर्ट्झ' अगदी बारीक अक्षरांत छापलेले होते. डोंगल बदलला आणि माऊस सुरळीत झाला.

दुरुस्तीला येणाऱ्या अशा तक्रारींत दोष बहुतेक वेळा पडद्याचा नसतो. संगणकाचे पोर्ट, कन्व्हर्टर, केबल, टीव्हीचे पोर्ट आणि टीव्हीची सेटिंग या पाच कड्यांची मिळून एक साखळी असते आणि तिच्यातली सर्वांत कमी क्षमतेची कडी जेवढे पेलते, तेवढेच चित्र पडद्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे महाग टीव्ही घेऊनही चित्र जुन्या दर्जाचेच दिसू शकते.

यामागचे गणित समजून घेतले, तर पुढच्या चुका आपोआप कळतात. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात, तर फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख. हे ८३ लाख ठिपके सेकंदाला ६० वेळा पाठवायचे असतील, तर एचडीएमआयच्या पद्धतीत सुमारे १७.८ गिगाबिट प्रतिसेकंद एवढा वेग लागतो. २००९ च्या एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२ गिगाबिट आहे, म्हणून तिथे फोर-के ३० हर्ट्झवरच थांबते. २०१३ च्या २.० आवृत्तीने ही मर्यादा १८ गिगाबिटवर नेली आणि ६० हर्ट्झ शक्य झाले. २०१७ ची २.१ आवृत्ती ४८ गिगाबिटपर्यंत जाते आणि तिच्यात फोर-के १२० हर्ट्झवर चालते. डिस्प्लेपोर्ट हे मानक व्हेसा या संस्थेचे आहे. त्याच्या २०१० च्या १.२ आवृत्तीतच फोर-के ६० हर्ट्झवर चालत होते. टीव्हीवर मात्र डिस्प्लेपोर्ट क्वचितच आढळते, म्हणून मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट आणि टीव्हीला एचडीएमआय, ही सोयीची वाटणी आहे.

आता सेलूच्या डोंगलकडे परत येऊ. यूएसबी-सी पोर्टातून चित्र डिस्प्लेपोर्टच्या पद्धतीने बाहेर पडते आणि त्यासाठी चार मार्गिका, म्हणजे माहिती वाहणाऱ्या तारांच्या चार जोड्या, उपलब्ध असतात. पेन ड्राइव्ह वगैरे जोडण्याची सोय असलेले अनेक स्वस्त डोंगल, म्हणजे हब, त्यांतल्या दोन मार्गिका यूएसबीच्या वेगवान कामासाठी राखून ठेवतात. उरलेल्या दोन मार्गिकांतून जुन्या वेगाने फोर-के फक्त ३० हर्ट्झवर जाते. म्हणून हब घेताना 'फोर-के ६० हर्ट्झ' एवढे स्पष्ट लिहिलेले पाहावे, आणि त्याहीआधी आपल्या लॅपटॉपचे यूएसबी-सी पोर्ट चित्र पाठवते की नाही, हे कंपनीच्या माहितीपत्रकात तपासावे. काही लॅपटॉपवर आणि बऱ्याच मोबाइलवर हे पोर्ट केवळ चार्जिंग व डेटासाठी असते. तिथे कितीही चांगला हब लावला तरी पडदा काळाच राहतो.

कन्व्हर्टरची दिशा ही आणखी एक मोठी चूक आहे. संगणकाला डिस्प्लेपोर्ट आणि टीव्हीला एचडीएमआय असेल, तर साधा कन्व्हर्टर बहुधा चालतो, कारण संगणकांवरची बहुतेक डिस्प्लेपोर्ट एचडीएमआयचा सिग्नलही देऊ शकतात. याच्या उलट, म्हणजे लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल, तर तीच केबल उलटी लावून काहीही होत नाही. तिथे सिग्नलचे रूपांतर करणारा आणि यूएसबीतून वीज घेणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. दोन्ही टोके बसली म्हणून केबल योग्य आहे असे समजून लोक मॉनिटर परत करायला निघतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. शाळांमधील जुन्या प्रोजेक्टरचीही हीच गोष्ट आहे. त्यांवरचे १९८७ पासूनचे व्हीजीए पोर्ट ॲनालॉग आहे, म्हणजे डिजिटल आकड्यांऐवजी चढउतार होणाऱ्या विद्युत सिग्नलवर चालते, त्यामुळे एचडीएमआयवरून त्यावर जायला आत चिप असलेला कन्व्हर्टरच हवा. शिवाय व्हीजीएतून आवाज जात नाही, तेव्हा स्पीकरची पिन वेगळी लावावी लागते.

ज्यांच्या सीपीयूमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे, त्यांनी केबल कार्डाच्याच पोर्टात लावावी, मदरबोर्डाच्या नव्हे. ज्या इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी 'एफ' आहे, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे मदरबोर्डाच्या एचडीएमआयवर पडदा उजळतच नाही.

केबलबाबत दुकानात फार गैरसमज पसरवले जातात. सोनेरी मुलामा दिलेली किंवा जाडजूड केबल घेतल्याने चित्र अधिक सुंदर होत नाही, कारण डिजिटल सिग्नल एकतर नीट पोहोचतो किंवा तुटतो. तुटू लागला की पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा दर काही सेकंदांनी पडदा क्षणभर काळा होतो. केबलवर '२.१' हा आकडा शोधण्यापेक्षा प्रमाणपत्राचे नाव पाहावे : १८ गिगाबिटसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' आणि ४८ गिगाबिटसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड'. या केबलच्या खोक्यावर मोबाइलने स्कॅन करता येईल असे लेबल असते, ते स्कॅन करूनच पैसे द्यावेत. टीव्हीच्या खोक्यावरील '२.१' वरही विसंबू नये, कारण त्या आवृत्तीतली बहुतेक वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत. १२० हर्ट्झ चालते का, हे वेगळे विचारावे. घरात तीन मीटरच्या आतली केबल पुरते. मंगल कार्यालयात दहा-पंधरा मीटर जायचे असेल, तर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी, एचडीएमआय केबल घ्यावी आणि ती लावताना 'सोर्स' लिहिलेले टोक संगणकाकडे ठेवावे, कारण ती एकाच दिशेने चालते.

इतके सगळे बरोबर असूनही टीव्हीवरची अक्षरे धूसर दिसतात, ही तक्रार डीटीपी करणाऱ्यांकडून सर्वाधिक येते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण दिवसभर मजकूर वाचणाऱ्याचे डोळे त्यात शिणतात. वेग कमी पडला की यंत्रे रंगाची माहिती प्रत्येक ठिपक्याऐवजी चार ठिपक्यांना मिळून एकदाच पाठवतात. सिनेमा पाहताना हे जाणवत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत 'कर्तृत्व' लिहून पाहा, रफार आणि त्याखालची जोडाक्षरे एकमेकांत मिसळलेली दिसतील. उपाय तीन आहेत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टाचा पूर्ण वेग सुरू करावा. याला सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'अल्ट्रा एचडी डीप कलर' आणि सोनीमध्ये 'एन्हान्स्ड' फॉरमॅट अशी नावे आढळतात. त्या इनपुटचा प्रकार किंवा नाव 'पीसी' ठेवावे. आणि ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगाचे स्वरूप आरजीबी (लाल-हिरवा-निळा) निवडावे. पडद्याच्या कडा कापल्या जात असतील, टास्कबार अर्धाच दिसत असेल, तर टीव्हीत 'जस्ट स्कॅन' किंवा 'फिट टू स्क्रीन' सुरू करावे. काळा रंग राखाडी दिसत असेल, तर संगणक रंगांच्या उजळपणाचे आकडे १६ ते २३५ या मर्यादित श्रेणीत पाठवत आहे आणि टीव्ही ० ते २५५ ची वाट पाहत आहे. दोन्हीकडे एकच श्रेणी ठेवली की प्रश्न सुटतो.

शेवटची चूक आपल्या भागात विशेष महागात पडते. वळवाच्या पावसात आणि मृगाच्या सुरुवातीला मराठवाड्यात विजांचे प्रमाण मोठे असते, आणि त्या आठवड्यांत जळालेल्या एचडीएमआय पोर्टांचे टीव्ही माझ्या टेबलावर एकामागून एक येतात. वीज घरावर पडलेली नसते, जवळपास कुठेतरी पडलेली असते. छतावरच्या डिशच्या केबलमधून आलेला झटका सेट-टॉप बॉक्समध्ये शिरतो आणि तिथून एचडीएमआय केबलच्या धातूच्या वेष्टणातून टीव्हीपर्यंत पोहोचतो. अगदी थोड्या व्होल्टवर चालणारी पोर्टामागची चिप तो झटका सोसू शकत नाही. पडदा लागतो, पण त्या पोर्टावर कायम 'नो सिग्नल' येते. स्टॅबिलायझर लावलेला असला तरी उपयोग होत नाही, कारण झटका विजेच्या तारेतून आलेलाच नसतो.

अर्थिंग कच्चे असेल, तर आकाशातली वीज पडल्याशिवायही धोका राहतो. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि तिचा रोध वाढतो. मग लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते. तशा अवस्थेत चालू टीव्हीला केबल खोचली, तर दोन यंत्रांमधला विद्युत दाबाचा फरक त्या पिनांतूनच उतरतो. म्हणून संगणक आणि टीव्ही एकाच तीन-पिनी बोर्डावर लावावेत आणि जोडणी करताना दोन्हींचे बटण नव्हे, तर प्लगच काढावा. मार्चपासून दर आठवड्याला अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे. आणि आभाळ भरून येऊ लागले की पहिला गडगडाट ऐकण्याआधीच डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून आणि एचडीएमआय केबल टीव्हीतून काढून ठेवावी.