डेटाबेस क्लायंट निवडताना या चुका टाळा

लातूरच्या मोंढ्यातल्या अडतीचं बिलिंग, जालन्यातल्या बियाणे विक्रेत्याचा स्टॉक, वाळूजच्या कारखान्यातली हजेरी. यातलं बरंच काही आज मायएसक्यूएल, पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हरवर असतं. तो डेटा उघडायला कोणतं क्लायंट टूल (डेटाबेसला जोडून डेटा बघायचं-बदलायचं सॉफ्टवेअर) घ्यायचं, हे मात्र पुष्कळ जण सीनियरच्या लॅपटॉपवर काय दिसलं त्यावरून ठरवतात. आपलं मशीन कसं आहे, डेटा कोणता आहे आणि टूल कुणाच्या हातात जाणार आहे, हे आधी बघा. फीचरची यादी त्यानंतर.

मशीन न बघता टूल टाकणं

डीबीव्हर कम्युनिटी मोफत आहे आणि बहुतेक सगळ्या रिलेशनल डेटाबेसना जोडतं, पण ते जावावर चालतं, म्हणून जड आहे. कॉलेजच्या लॅबमधल्या ४ जीबी रॅमच्या पीसीवर शेजारी ब्राउझर उघडा असला की ते रखडतं. विंडोजवर फक्त मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी बघायचं असेल तर हायडीएसक्यूएल पुरतं. तेही मोफत आणि खूप हलकं. एसक्यूएल सर्व्हरसाठी मायक्रोसॉफ्टचं एसएसएमएस (एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ) मोफत आहे, मात्र फक्त विंडोजवर. जुने लेख वाचून मायक्रोसॉफ्टच्याच अझ्युअर डेटा स्टुडिओ या दुसऱ्या टूलकडे वळू नका. ते बंद करत असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्येच जाहीर केलं आणि सपोर्टची मुदत २८ फेब्रुवारी २०२६ ठेवली.

चालू डेटाबेसवर ऑटो-कमिट तसंच ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मायएसक्यूएलमध्ये ऑटो-कमिट मुळातच चालू असतं, म्हणजे प्रत्येक बदल लगेच कायमचा (कमिट) होतो. ‘व्हेअर’ (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) विसरून ‘अपडेट’ चालवलं की सगळ्या शेतकऱ्यांच्या पट्टीवर एकच भाव चढतो आणि परतीचा रस्ता उरतो तो फक्त बॅकअपचा. मायएसक्यूएलच्या वर्कबेंच या क्लायंटमध्ये ‘सेफ अपडेट्स’ सुरुवातीपासून चालू असतं. ‘की’ (key) कॉलमची अट नसलेलं अपडेट ते ११७५ नंबरचा एरर देऊन अडवतं. नेटवर शोधलं की हा एरर घालवायला सेटिंग बंद करा असा सल्ला मिळतो. चालू डेटावर तो मानू नका. डीबीव्हरमध्ये कनेक्शनचा प्रकार ‘प्रॉडक्शन’ ठेवा, म्हणजे ऑटो-कमिट बंद राहतं आणि क्वेरी चालवण्याआधी ते विचारतं.

याची दुसरी बाजूही सांभाळावी लागते. ऑटो-कमिट बंद असताना अपडेट केलं आणि कमिट न करता जेवायला उठलात, तर त्या ओळी लॉक राहतात. तिकडे काउंटरवर बिल अडकतं आणि ५० सेकंदांनी ‘लॉक वेट टाइमआउट’ येतो. तेवढ्यात लाइट गेली, राउटर बंद पडला, तर कनेक्शन तुटल्याचं सर्व्हरला लगेच कळेलच असं नाही. लॉक तसाच राहू शकतो. अशा वेळी सर्व्हर रीस्टार्ट करायची घाई नको. ‘शो प्रोसेसलिस्ट’ चालवा, अडकलेलं कनेक्शन ओळखा आणि तेवढंच ‘किल’ करा. आणखी एक: मायएसक्यूएलमध्ये ‘ड्रॉप’ (टेबल काढून टाकणं) आणि ‘ट्रंकेट’ (टेबल रिकामा करणं) रोलबॅक होत नाहीत, म्हणजे मागे घेता येत नाहीत, टूल कोणतंही असो.

मराठी नावांची चाचणी न घेणं

टूल पक्कं करण्याआधी देवनागरी नावांचा एक टेबल एक्स्पोर्ट करून, एक्सेलमध्ये उघडून बघाच. नावांच्या जागी à¤ सारखी विचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका. बहुतेक वेळा डेटा शाबूत असतो, फक्त एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) चुकीचं वाचलं गेलेलं असतं. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून फाइल घ्या आणि ६५००१ यूटीएफ-८ निवडा, किंवा एक्स्पोर्ट करतानाच बीओएम (फाइल यूटीएफ-८ असल्याची सुरुवातीची खूण) जोडा. डेटाबेसमध्येच ओळीने प्रश्नचिन्हं साठली असतील तर मात्र मूळ अक्षरं गेली. कॉलम आणि कनेक्शन दोन्ही यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) करून नोंदी पुन्हा भराव्या लागतात. एक्सेलमधून परत सेव्ह करताना साधं सीएसव्ही निवडलं तरी हेच होतं, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हवं. अनुदानाच्या याद्या करणाऱ्यांनी खाते क्रमांकाचा कॉलम टेक्स्ट म्हणूनच घ्यावा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि पैसे अडकतात.

क्रॅक, आणि ‘मोफत’चा चुकीचा अर्थ

पेनड्राइव्हवरून फिरणारं क्रॅक केलेलं टूल नकोच. त्याच टूलमध्ये तुम्ही ग्राहकाच्या सर्व्हरचा पासवर्ड टाकणार आहात. डेटाग्रिप हे क्लायंट टूल ऑक्टोबर २०२५ पासून बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत आहे, विद्यार्थी ते खुशाल शिकायला वापरू शकतात; ग्राहकाचं काम करायचं तर परवाना घ्यावा लागतो. एकाच प्रकारच्या डेटाबेसवर काम असेल तर पैसे घालू नयेत असं मला वाटतं. दिवसभर तीन-चार प्रकारच्या डेटाबेसमध्ये बसणाऱ्याला मात्र चांगल्या ऑटो-कम्प्लीटचा खर्च परवडतो.

घरून जोडण्यासाठी पोर्ट उघडं टाकणं

मायएसक्यूएलचं ३३०६ पोर्ट इंटरनेटवर मोकळं सोडू नका आणि सगळ्यांना रूट (सगळे अधिकार असलेला युजर) देऊ नका. हिशेबनीसाला फक्त वाचण्याचा युजर पुरतो. बाहेरून जोडायचं तर एसएसएच टनेलची (सर्व्हरपर्यंतच्या सुरक्षित वाटेची) सोय असलेलंच टूल घ्या. टनेल जुळूनही डेटाबेस ‘कनेक्ट’ होत नसेल, तर डेटाबेसच्या होस्टचा (सर्व्हरच्या पत्त्याचा) रकाना तपासा. तिथे बरेच जण सर्व्हरचा बाहेरचा पत्ता टाकतात. डेटाबेस त्याच सर्व्हरवर असेल तर तिथे १२७.०.०.१ (म्हणजे ‘हेच मशीन’) टाकायचं, कारण तो पत्ता सर्व्हरच्या बाजूने बघितला जातो.